चाळीस नंबरचं साधं तेल

"तिला विचारून काय व्हणार? ती घरी जाणार, बापाला विचारणार, आन् उद्या येऊन बापाचंच सांगणार."

फोरमनकाका वेल्डरला हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, बोटीच्या इंजिनापाशी उकिडवी बसले होते. त्यांनी आवाजही कमी केला नाही. मी मराठी आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण मी प्रत्येक गोष्टीचं उत्तर इंग्रजीत देते, त्या अर्थी मला मराठी ऐकूही येत नसणार, असं त्यांनी धरून चालवलं होतं.

"पोरगी हुशार दिसती की," वेल्डर म्हणाला.

"हुशार हायच. पर मूग गिळून बसलीया."

मी तेलाची पट्टी बाहेर काढली, पुसली, परत घातली, परत काढली. तेल पुन्हा खाली गेलं होतं. मागे सायलेन्सरमधून निळा धूर निघत होता आणि कालव्यावरून सरकत समोरच्या पिवळ्या इमारतीकडे चालला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी बाल्कनीचं काचेचं दार ओढून घेतलं. आम्ही तिघांनी ते पाहिलं.

दोह्याच्या उत्तरेला समुद्रात भराव घालून एक वसाहत उभारली आहे. तिच्यातून अरुंद कालवे फिरवले आहेत, त्यांवर कमानीचे पूल आहेत आणि दोन्ही काठांना रंगीत घरं. तिथे लोकांना फिरवून आणणाऱ्या छोट्या बोटींची देखभाल आमची कंपनी करते. पुण्याहून इंजिनिअरिंग करून मी घरी परतले आणि इथे ट्रेनी म्हणून लागले. बहुतेक बोटी बॅटरीवर चालतात, आवाज नाही, धूर नाही. अपवाद एकच, ही लांबुडकी, हिरव्या रंगाची, लोखंडी बोट. आमचे कतारी मालक तरुणपणी इंग्लंडमध्ये शिकत होते, तेव्हा सुट्टीत अशा बोटीतून तिथल्या कालव्यांमधून हिंडले होते. पुढे कधीतरी त्यांनी तशीच एक जुनी बोट विकत घेतली आणि जहाजावर चढवून इकडे आणली. तिच्यात दोन सिलिंडरचं जुन्या घडणीचं डिझेल इंजिन होतं. ते संथ चालायचं, टक टक टक असा आवाज करत. त्या आवाजापायीच सगळं अडलं होतं. मालकांच्या आईचे वडील लाँच चालवायचे, मोठ्या लाकडी होड्यांना इथे लाँच म्हणतात, आणि तिच्या इंजिनाचा आवाज असाच होता, असं त्या म्हणायच्या. त्यांना ह्या बोटीतून एकदा फिरायचं होतं. बॅटरीच्या बोटीत त्या बसायला तयार नव्हत्या.

इंजिन आलं तेव्हा मोडकळीला आलेलं होतं. फोरमनकाकांनी ते पूर्ण खोललं, सिलिंडर घासून घेतले, पिस्टनला नव्या रिंगा बसवल्या, एकेक नट हातानं साफ केला. काका सांगली जिल्ह्यातले, तिकडे एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची बरीच वर्षं गेलेली. कुटुंब गावी, ते इथे बरवा अल बराहा ह्या कामगारांच्या वसाहतीत इतरांबरोबर एका खोलीत राहायचे आणि कंपनीच्या बसनं कामावर यायचे. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा डबा घेऊन ते इंजिनाशेजारी बसत. ते सुरू झालं त्या दिवशी त्यांनी त्याला नारळ फोडला होता. आणि आता तेच इंजिन तेल पीत होतं आणि धूर सोडत होतं.

कालव्यांचं व्यवस्थापन बघणाऱ्या कार्यालयानं चाचणीचा दिवस दिला होता. त्यांचा अधिकारी पुलावर उभा राहणार, बोट धक्क्यावरून शेवटच्या पुलापर्यंत जाऊन परत येणार. धूर दिसला तर परवानगी नाही. मालकांनी स्वच्छ सांगून टाकलं, "धुआँ आया तो खलास. इंजिन निकालो, मोटर लगाओ." काका मान खाली घालून ऐकत होते. नंतर ते वेल्डरला म्हणाले, "रिंगा मी नीट बसवल्या हायेत रं. हात सांगतोय मला." पण त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास रोज थोडा थोडा कमी होताना मी बघत होते.

आता बाबांविषयी सांगायला हवं, कारण तेल त्यांचं होतं.

बाबा गॅसपासून तेल बनवणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनिअर आहेत. तिथे जे मूळ तेल तयार होतं ते दिसायला पाण्यासारखं असतं. त्याची एक छोटी सीलबंद बाटली आमच्या अल दुहैलच्या घरात शोकेसमध्ये आहे, देव्हाऱ्याच्या अगदी शेजारी. घरी पाहुणे आले की चहानंतर बाबा ती बाटली उजेडात धरतात. "सांगा, पाणी की तेल?" पाहुणे पाणी म्हणतात. मग बाबांचा चेहरा खुलतो. इथल्या आमच्या ओळखीतल्या पुण्या-नाशिकच्या घरांमध्ये गाडीत कुठलं तेल घालायचं हे बाबांना विचारल्याशिवाय ठरत नाही. दिवाळीत लोक एकमेकांकडे फराळाचे डबे पाठवतात, आमच्याकडून फराळाबरोबर तेलाचा कॅनही जातो. त्यांच्या मते सर्वांत शुद्ध तेल हे सगळ्या इंजिनांसाठी सर्वांत चांगलं. ह्यावर कुणी कधी शंका घेतलेली मी ऐकली नाही. जे तेल आपण स्वतः बनवतो, ते सोडून दुसरं घालायचं म्हणजे घरच्या लग्नात बाहेरचं जेवण मागवण्यासारखं होतं.

काकांनी इंजिन जुळवून ठेवलं त्या संध्याकाळी बाबा मला घ्यायला आले होते. काकांनी आदरानं विचारलं, "साहेब, तेल कोणतं घालू?" दुसऱ्याच दिवशी बाबा गाडीच्या डिकीतून चकचकीत कॅन घेऊन हजर. पूर्ण सिंथेटिक, सगळ्यांत वरच्या दर्जाचं. "ह्यात घर्षण म्हणून राहतच नाही," ते म्हणाले. काकांनी कॅन दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा.

आणि मी तिथेच उभी होते. गप्प.

माझ्या गप्प राहण्याला तशी मोठी काही कहाणी नाही. लहानपणी मी मराठीत काही बोलले की मोठी माणसं कौतुकानं हसायची आणि "परत म्हण, परत म्हण" करायची. मला परत म्हणायचं नसायचं. मग मी इंग्रजीत उत्तर द्यायला लागले, आणि तेही थोडक्यात. इंग्रजीत कुणी परत म्हणायला लावत नाही. गप्प माणसासमोर लोक मोकळेपणानं बोलतात आणि मशीन तर सगळ्यांसमोरच बोलतं, त्यामुळे मला बघायला आणि ऐकायला भरपूर वेळ मिळतो.

म्हणूनच एका दुपारचा प्रसंग फक्त माझ्या लक्षात राहिला असावा. बॅटरीवरची एक मोठी बोट शेवटच्या पुलाखाली बंद पडली होती, आत प्रवासी अडकलेले. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून काकांनी आमची हिरवी बोट नेली, दोर बांधला आणि तिला ओढत आणायला सुरुवात केली. मी मागच्या बाजूला बसले होते. एरवी रिकामी, मुंगीच्या चालीनं जाणारी बोट आता वाऱ्याविरुद्ध ओझं ओढत होती. आवाज खालच्या पट्टीत गेला, सगळी बोट थरथरायला लागली. काकांचं लक्ष दोरावर, प्रवाशांचं फोनवर. मी सायलेन्सरकडे बघत होते. पहिल्या पुलापाशी धूर दाट होता. दुसऱ्या पुलापाशी त्यातून पलीकडची भिंत दिसायला लागली. धक्क्याला लागेपर्यंत तो एवढा विरळ झाला होता की मी चष्मा काढून पुसून पुन्हा घातला. मग दोर सोडला, इंजिन नुसतंच चालू राहिलं, आणि थोड्या वेळात निळा धूर परत आला.

घरी जाताना बाबा गाडीत काहीतरी विचारत होते. मी हो-नाही करत होते. डोक्यात तो धूर होता.

नव्या रिंगा आणि घासलेला सिलिंडर एकमेकांवर घासले गेले तरच एकमेकांना बसतात. त्यासाठी इंजिनाला ओझं लागतं, आणि थोडं घर्षणही लागतं. एसटीचं इंजिन पहिल्या दिवसापासून माणसं आणि घाट ओढत असतं, त्यामुळे काकांना ही अडचण कधी आलीच नव्हती. आमची बोट मात्र कालव्यातून चालायची ती माणसाच्या चालीनं. त्यात ह्या संथ, जुन्या इंजिनात बाबांचं अतिशय निसरडं तेल. रिंगा सिलिंडरवर नुसत्या घसरत राहिल्या. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला काचेसारखी चकाकी आली आणि तेल वर चढून जळायला लागलं. काकांचा हात बरोबर होता आणि बाबांचं तेल उत्तम होतं, फक्त ते ह्या इंजिनाचं नव्हतं. ह्याला साधं, जुन्या पद्धतीचं खनिज तेल हवं होतं. त्याच्या मूळ पुस्तिकेत तीस नंबरचं लिहिलं होतं, आणि ती सगळ्यांनीच चाळली होती. पण ती पुस्तिका ज्या देशात लिहिली, तिथे हिवाळ्यात कालव्यावर बर्फ धरतो. हे इंजिन थंड होतं ते बोटीच्या लोखंडी तळातून, म्हणजे बाहेरच्या पाण्यामुळे, आणि आमच्या कालव्याचं पाणी उन्हाळ्यात अंघोळीला काढल्यासारखं असतं. इथे तेल थोडं जाड हवं. चाळीस.

हे सगळं मला कळलं होतं. ते बोलायचं मात्र राहिलं होतं. बोलायचं म्हणजे काकांना सांगायचं की जुळवलेलं इंजिन परत खोला, आणि बाबांना सांगायचं की तुमचं तेल ओतून टाकते. चाचणी जवळ आली होती. मी जिन्यावर बसून मालकांना इंग्रजीत मेसेज लिहिला. कारण, उपाय, आणि लागणारा वेळ. त्यांनी लगेच उलट विचारलं, तुझी खात्री आहे का. मी 'येस' लिहिलं आणि फोन पालथा घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना मालकांचा फोन आला. ते नुसतं "जी, जी" म्हणत होते. मग फोन खिशात ठेवून माझ्याकडे आले.

"परत खोलायचं म्हणत्यात. साहेबांनी सांगितलं व्हय?"

साहेब म्हणजे माझे बाबा. मी मान हलवली. ती हो अशीही दिसली असती आणि नाही अशीही. काकांनी ती हो अशी घेतली.

"साहेब म्हणत असतील तर खोलू," ते म्हणाले आणि पाने काढायला गेले.

तेल आणायला मी स्वतः गेले. इंडस्ट्रियल एरियातल्या दुकानात चकचकीत कॅनच्या भिंती होत्या. दुकानदार केरळचे असावेत. मी चाळीस नंबरचं साधं तेल मागितलं तर ते माझ्या मागे उभ्या असलेल्या कंपनीच्या छोट्या गाडीकडे बघायला लागले.

"मॅडम, ये नहीं डालने का. ये जनरेटर का तेल है. आपका इंजिन खराब हो जाएगा, फिर पापा आके मेरे को बोलेगा."

इथेही बाबा. मी हळूच म्हणाले, "बोट है. पुराना डिझेल."

"लाँच?" त्यांचा चेहरा बदलला. "लाँच बोलो ना पहले. सब लाँचवाला यही लेके जाता है." त्यांनी मागच्या बाजूनं एक धुळकट पत्र्याचा डबा काढला आणि फडक्यानं पुसला. वर काही चित्र नाही, काही वचन नाही. मला तो डबा फार आवडला. परत येताना मी तो पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला.

वर्कशॉपमध्ये काकांनी सिलिंडर उघडला होता. टॉर्चच्या उजेडात आतली भिंत आरशासारखी चमकत होती. काकांनी बोटाचं नख तिच्यावरून फिरवलं. नख कुठेही अडलं नाही.

"गुळगुळीत झालंय रं," ते वेल्डरला म्हणाले. "जातं गुळगुळीत झालं की पीठ पडत न्हाई. टाकी लावाय पायजे." आणि त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी हलकेपणा आला. रिंगा त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितल्या. रिंगा ठीक होत्या. त्यांनी त्या मला दाखवल्या आणि मान डोलावली, जणू मीच त्यांना नापास करणार होते.

त्यांनी सिलिंडर आतून हलकेच घासून पुन्हा खरबरीत केले, सगळं जुळवलं. पत्र्याच्या डब्यातलं तेल मी ओतलं. ते तपकिरी होतं, काकवीसारखं, आणि त्याला वास होता. बाबांच्या तेलाला वासच नाही.

मग बोट पुढून-मागून जाड दोरांनी धक्क्याला बांधली आणि काकांना मी हातानं खूण केली, गिअर टाका, रेस वाढवा. ते थबकले. बांधलेली बोट पळवायची? मी परत तीच खूण केली. इंजिन ओढायला लागलं. दोर ताणून कडक झाले, मागे पाणी पांढरं होऊन उसळलं, धक्क्यावरच्या लाकडी फळ्या आमच्या पायाखाली थरथरायला लागल्या. आधी धूर भरपूर आला. काका माझ्याकडे बघायला लागले, मी नजर सायलेन्सरवरून काढली नाही. इंजिनाला थोडी विश्रांती, परत ओढ, परत विश्रांती. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशीही आम्ही हेच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वेल्डर सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून उभा राहिला, आणि थोड्या वेळानं तो आम्हाला दाखवला. रुमालावर काजळीचा थोडा करडा ठसा होता, तेलाचा डाग नव्हता.

"आयला," वेल्डर म्हणाला. काकांनी रुमाल त्याच्या हातातून घेतला, घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

चाचणीच्या दिवशी अधिकारी पुलावर हात मागे बांधून उभे होते. काका सुकाणूवर, मी इंजिनाशेजारी. आम्ही मुद्दामच हळू निघालो, कारण कालव्यात हळूच चालायचा नियम होता आणि धूर यायचा तो हळू चालतानाच. टक टक टक. पिवळी इमारत आली. बाल्कनीतल्या बाई दारापाशी होत्या, हात दारावर. बोट त्यांच्या खालून गेली. दार उघडंच राहिलं. शेवटच्या पुलाला वळसा घालून आम्ही परत आलो, आणि मी वळून मागे बघितलं तेव्हा बोटीच्या मागे फक्त पाणी आणि घरांची हलणारी प्रतिबिंबं होती. हवा स्वच्छ. ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही, पण रेलिंगवर मूठ एकदा जोरात आपटली, आणि ती दुखली तेही बरं वाटलं.

अधिकाऱ्यांनी पुलावरूनच अंगठा दाखवला. मालकांनी तिथल्या तिथे आईला फोन लावला आणि फोन इंजिनाजवळ नेऊन धरला. पलीकडून म्हातारं, आनंदी असं काहीतरी ऐकू आलं. "यल्ला, चलो," मालक हसत म्हणाले, "वो तैयार होके बैठी है."

तेवढ्यात बाबा आले. मला घ्यायला लवकर आले होते, चाचणी बघायला मिळेल म्हणून, आणि त्यांच्या हातात नवा चकचकीत कॅन होता. काका हात पुसत त्यांच्याकडे जवळजवळ पळतच गेले.

"साहेब, तुमच्यामुळं वाचलो. तुम्ही साधं तेल घालायला सांगितलं आन् इंजिनाचा आजारच गेला. मी मागंच म्हटलं व्हतं, पोरगी साहेबांना विचारूनच येणार."

बाबा हसत होते. मग हसू थोडं अडखळलं. "साधं तेल? मी कुठलं साधं तेल सांगितलं?"

काकांनी पत्र्याच्या डब्याकडे बोट केलं. बाबांनी तो उचलला, फिरवून वाचला, कुणाच्या घरी चुकीच्या चपला घालून आल्यासारखं त्यांचं झालं. "हे? हे तर जनरेटरचं आहे. हे मी कशाला सांगेन? कुणी सांगितलं हे?"

काका बाबांकडे बघत होते, बाबा डब्याकडे, वेल्डर जमिनीकडे. मालकांना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे त्यांना कळलं होतं आणि उत्तर कुणाकडे आहे तेही. ते माझ्याकडे बघत होते. बोट मागे धक्क्याशी टकटकत होती. काका वाकले आणि बाबांचा नवा कॅन, सवयीनं, इंजिनाकडे न्यायला उचलला.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. आणि मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले,

"काका, बाबांना मी विचारलंच नव्हतं. हे तेल मी निवडलंय, आणि ह्या बोटीत ह्यापुढेही हेच घालायचं."